तारेचं तेल आणि शेळीचे दात

आमच्या माळवदावर, घरावरच्या मातीच्या गच्चीवर, दोन उंच वेळू उभे राहिले तेव्हा गावातल्या बायकांना वाटलं, वाण्याच्या घरी कुणाचं लग्न निघालं की काय, मांडव घालायला लागलेत. मांडव नव्हता, रेडिओची तार होती. एका वेळूच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या शेंड्यापर्यंत तांब्याची उघडी तार ताणलेली. दोन्ही टोकांना चिनी मातीचे पांढरे मणी. आणि तिथून दुसरी एक तार, लाल सुताचं वेष्टण असलेली, अंगणाकडच्या भिंतीवरून खाली उतरून खिडकीतून ओसरीवरच्या पेटीत गेलेली. हवेतलं बोलणं वरची तार धरती आणि लाल तार ते घरात आणती, असं आमच्या ह्यांनी मला समजावलं. मला तेव्हा त्यातलं निम्मं कळलं. राहिलेलं निम्मं पुढं त्या लाल तारेनंच शिकवलं.

निजामाचं राज्य होतं आणि लांब कुठंतरी मोठी लढाई चालली होती. मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, लोहाऱ्याच्या बाजूच्या एका गावात किराणा-भुसाराचं दुकान आणि थोडी विहिरीवरची शेती. रेडिओ त्यांनी सोलापूरहून आणला. सोलापूर इंग्रजाच्या मुलखात, आम्ही निजामाच्या, त्यामुळं वाटेत करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर पेटी उघडून दाखवावी लागली. नाक्यावरचा माणूस म्हणाला म्हणे, "शेटजी, ह्यात माणूस बसतो का?" मामंजी म्हणाले, "बसत न्हाय, पण बोलतो." ही गोष्ट त्यांनी जन्मभर सांगितली आणि आम्ही जन्मभर पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली.

गावात वीज नव्हती. बॅटरी सोलापूरहून भरून यायची, म्हणून रेडिओ दिवेलागणीला तासभरच लावायचा. पण तो तास काय सांगू. मामंजी उर्दू शाळेत शिकलेले. हैदराबादच्या बातम्या उर्दूत यायच्या आणि अंगणात बसलेल्या तीस-चाळीस माणसांत उर्दू नीट कळणारे दोघं-तिघं. मामंजी पेटीजवळ उभे राहायचे, एक कान पेटीला, आणि ऐकलेलं लगोलग मराठीत सांगायचे. लढाई कुठवर आली, धान्याचं काय, कापडाचं काय. मधेच कुणी घाई करायचं, "पुढं काय म्हणतंय, शेटजी?" मामंजी म्हणायचे, "दम धर की. त्याचं बोलून होऊ दे, मग माझं." दिवसभर तराजू धरणारा माणूस त्या तासाला सगळ्या गावाचा कान व्हायचा. आम्ही बायका चौकटीआड बसून ऐकायचो. मला सासऱ्यांचा अभिमान वाटायचा, पण तो बोलून दाखवायची सोय नव्हती.

ती सोय नव्हती म्हणजे काय, तेही सांगते. सासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काही विचारायचं झालं तर सासूला सांगायचं, सासू त्यांना सांगणार. "आत्याबाई, मामंजींना विचारा, ताक वाढू का." मामंजी चार हातांवर बसलेले, सगळं ऐकलेलं, तरी आत्याबाई विचारणार, "अहो, ताक घ्यायचं का म्हणती." मग ते म्हणणार, "सांग तिला, घेतो." तिघंही एकाच ओसरीवर. आताच्या पोरींना हसू येतं. आम्हाला तेव्हा हसू येत नव्हतं. आम्ही त्या रीतीचा उपयोग करून घ्यायला शिकलो होतो.

आता शेळीचं. माझं माहेर उमरग्याच्या पलीकडं, घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या मुलखातलं. आंदणात भांड्याकुंड्यांबरोबर आईनं तिच्या हाताखालची एक कबरी शेळी दिली. वरातीच्या मागं दुसऱ्या बैलगाडीत ती उभी राहून आली. आत्याबाईंना ती कधी पटली नाही. आम्ही लिंगायत, दारात गाय शोभावी. त्या म्हणायच्या, "गळ्यात लिंग, कपाळाला विभूती अन् दारात शेळी. लोक म्हणतील, वाण्यानं खाटकाशी भागी केली." पण माझी थोरली पोर जन्मली, मला दूध पुरेना, तेव्हा ती पोर त्या शेळीच्या दुधावर वाढली. त्या वर्षी आत्याबाई गप्प होत्या. मी सांगते त्या साली मात्र शेळी आटली होती. दूध नाही म्हटल्यावर तिच्या बाजूनं बोलायला मीच तेवढी उरले होते, आणि मी तर बोलायचं नव्हतं.

पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी लोक जमले, मामंजींनी खटका फिरवला, आणि पेटीतून नुसती खरखर. आमचे हे कंदील घेऊन भिंतीकडं गेले. लाल तार छातीएवढ्या उंचीवर कुरतडून तुटलेली. ह्यांनी जोड दिला, वर मेण लावलं. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा जोड. तिसऱ्या वेळेला तर हातभर तुकडा खालीच पडलेला, आणि तिथंच दाव्याला बांधलेली माझी शेळी निवांत रवंथ करतीय, ओठाच्या कोपऱ्यातून लाल सुताचा धागा लोंबतोय.

आत्याबाईंनी हाक मारून मारून सगळ्या घराला गोळा केलं. "बघा. सुनेच्या माहेरचं सोनं बघा. रेडिओ खाऊन पान खाल्ल्यावानी बसलंय."

लोक तसेच परत गेले. जाता जाता एकजण म्हणाला, "शेटजी, आज बातम्या शेळीच्या पोटात." सगळे हसले. मामंजीही हसले, पण त्यांचं हसू मला चौकटीआडून दिसलं, ते काही खरं नव्हतं.

सोलापूरच्या दुकानदारानं आधीच सांगून ठेवलं होतं की लढाई संपेपर्यंत असली तार यायची नाही. त्याच्याकडं होता तो शेवटचा तुकडा आमच्या फडताळात होता. तो गेला की रेडिओ मुका. मामंजी ओसरीवर बसून म्हणाले, "तार एकच राहिली. आता शेळी का तार, एवढाच सवाल हाय."

आत्याबाई म्हणाल्या, "त्यात सवाल कसला. येत्या बाजाराला धाडून टाका."

"पाळणारा कुणी भेटला तर द्या," मामंजी म्हणाले.

आमचे हे हळूच म्हणाले, "अप्पा, आटलेली शेळी पाळायला कोण घेतंय?"

बाजारात आटलेली शेळी कोण घेतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आपल्या दारातल्या जनावरासाठी खाटकाचं नाव कुणाच्या तोंडातून निघेना, एवढंच. बाजाराला चार दिवस होते.

मी रडले नाही. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी थोडी रडले. दुसऱ्या दिवशी अंगण झाडताना तो तुटका लाल तुकडा सापडला, तो मी कनवटीला खोचला आणि न्हाणीघरात जाऊन नीट बघितला. एका टोकाला सूत ओलं, चुरगळलेलं, दाबून चघळल्यासारखं. ते माझ्या शेळीचं काम, ते मी नाकबूल केलं नाही. पण दुसरं टोक, जिथून तार भिंतीवरनं तुटली होती, ते वेगळंच. खालून-वरून दोन्हीकडून बारीक बारीक छिन्नी चालवल्यासारखं. मी शेळ्यांत वाढलेली बाई. शेळीच्या तोंडात वरच्या अंगाला पुढचे दात नसतातच, नुसती कडक हिरडी असती. ती ओढून तोडती, दाबून चघळती. वरून कातरणारे दात तिला देवानं दिलेलेच नाहीत.

मग कुणी कातरलं? त्याच दुपारी मी मिरच्या राखायला माळवदावर बसले. खाली हे आणि मामंजी शेवटची तार भिंतीवर बसवत होते. बसवून झाली. हे दुकानात गेले आणि मामंजींनी एका वाटीत करडईचं तेल आणलं, चिंधी बुडवली, आणि ती सगळी लाल तार वरपासून खालपर्यंत मायेनं पुसून काढली.

मी वरून बघत राहिले. मामंजींचं एक ठरलेलं म्हणणं होतं, तेल लागलं की वस्तू जगती. बैलांच्या दोरखंडाला तेल, मोटेच्या नाड्याला, म्हणजे विहिरीवर मोट ओढायच्या दोराला, तेल, दाराच्या बिजागरीला तेल, स्वतःच्या टाळूला तेल. उन्हानं नाडा तडकू नये म्हणून तेल लावतात तसंच ऊन खाणाऱ्या तारेला ते लावत होते. आधीच्या दोन्ही-तिन्ही वेळेला लावलं असणार. मामंजी आत गेले आणि थोड्या वेळानं लिंबाच्या झाडावरून एक खार भिंतीवर आली. तारेपाशी थांबली. आधी तिनं तार चाटली. देवाशपथ सांगते, आपण तुपाची वाटी चाटतो तशी चाटली. मग दात लावले. मी मिरची फेकून मारली तेव्हा ती तोंडात लाल सुताचा भुगा घेऊन लिंबाच्या ढोलीत शिरली. म्हणजे आमच्या तारेवर तिचं जेवणही चाललं होतं आणि बाळंतिणीची खोलीही.

आता पंचाईत बघा. शेळी निर्दोष हे सांगायचं, तर खार सांगायला पाहिजे. खार सांगितली, तर ती तारेकडं का येती हे सांगायला पाहिजे. म्हणजे सासऱ्याचा हात दाखवायचा. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मी? मी न्हाय सांगायचो. अप्पांना तेलाबद्दल बोलायचं म्हणजे भटजीला मंत्र शिकवायचा."

"मग मी सांगते," मी म्हणाले.

"तू कशी सांगशील? तू तर बोलत न्हाईस त्यांच्याशी."

"मी त्यांच्याशी कुठं बोलणार हाय," मी म्हणाले.

तीन दिवस मी कामं करता करता एक डोळा तारेवर ठेवला, पोरीला खार हुसकायला लिंबाखाली खेळायला बसवलं. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मामंजी ओसरीवर पानाचा डबा घेऊन बसले होते, आत्याबाई वाती वळत होत्या. मी पदर पुढं ओढून, तो तुटका तुकडा हातात घेऊन अंगणात शेळीजवळ गेले. "इल्ली बा," मी तिला कानडीत जवळ बोलावलं, कारण तिला तेच कळायचं. पुढचं मात्र मराठीत बोलले, आणि चांगलं मोठ्यानं.

"आ कर बाई. दाव तुझं तोंड. वर दात हाय का? न्हाय. जन्मापासनं न्हाय. गाईला न्हाय, म्हशीला न्हाय, मामंजींनी पारखून आणलेल्या बैलालासुदीक न्हाय. मग ही तार वरनं कातरली कुणी?"

आत्याबाई म्हणाल्या, "कुणाशी बोलायलीस गं?"

"शेळीशी, आत्याबाई."

"काय म्हणती ती?"

"म्हणती, पडलेलं म्या चघळलं, ते खरं. पण पाडलं दुसऱ्यानं."

मामंजींचा अडकित्ता थांबला. बैलाची जोडी घेताना खालचे दात मोजून वय सांगणारा तो माणूस, वरचे दात नसतात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. नुसतं त्या वेळी आठवलं नव्हतं. ते म्हणाले, "तो तुकडा हिकडं दे म्हणावं तिला."

मी तुकडा आत्याबाईंच्या हातात दिला, त्यांनी मामंजींच्या. त्यांनी टोकावरून अंगठा फिरवला. "दोन्हीकडनं चावा हाय," ते म्हणाले. "विचार तिला, कुणी केलं मग."

"खारीनं," मी शेळीला सांगितलं.

"खार रानातले एवढे दाणे सोडून सूत कशाला खाईल, विचार."

आता आलं. मी शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. म्हणाले, "आता हे कसं सांगावं बाई. कोरडी भाकरी दारात ठेवली तर कुणी बघत न्हाय. वर तेल सोडलं तर सगळं गाव वास काढत येतंय. खार तर खार, तिचा काय गुन्हा."

मग मामंजींनी तो तुकडा नाकाशी नेला. मी पदराआडून बघितलं. त्यांनी तो एकदा हुंगला, मग स्वतःची बोटं हुंगली. आत्याबाईंनी वाती वळायच्या थांबवल्या होत्या.

"तेल म्या लावलं," मामंजी म्हणाले. "नाड्याला लावतो तसं लावलं."

आजवर मी बऱ्याच माणसांना चूक करताना बघितलं. अशी चार शब्दांत, बायकोसमोर आणि सुनेच्या कानावर, चूक पदरात घेणारी माणसं मोजकीच. मामंजींचा अभिमान मला रेडिओपाशी वाटायचा त्याच्यापेक्षा त्या संध्याकाळी जास्त वाटला.

आत्याबाई म्हणाल्या, "मग उद्याच्या बाजाराचं काय?"

"उद्याचा बाजार हाय तिथं भरंल. शेळी हाय तिथं ऱ्हाईल. पण पुढच्या बाजारापर्यंतच. तेवढ्यात तार तुटली तर मग माझ्या हातात काही न्हाय. विचार तिला, तार राखायची तजवीज हाय का काही."

तजवीज मी तीन दिवस मनात करूनच ठेवली होती. माझ्या माहेरी विहिरीचं पाणी गोठ्यात आणायला वेळू उभे चिरून पन्हाळ करायचे. मी बुरुडाकडून दोन जाडसर वेळू मागवले. उभे चिरले, आतल्या गाठी कोयत्यानं खरवडून काढल्या, की आत सरळ नळी झाली. तार खाली उतरवून रिठ्याच्या पाण्यानं आणि राखेनं तीनदा धुतली, उन्हात वाळवली. मग एका फाकेत तार ठेवली, दुसरी फाक वर जुळवली. बांधायला सुतळी वापरली असती तर खारीनं सुतळी खाल्ली असती, म्हणून रॉकेलच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या कापून त्यानं आवळलं. माळवदापासून खिडकीपर्यंत तार वेळूच्या पोटात गेली. वर उघडं तांबं तेवढं राहिलं, त्याचं खारीला काय करायचंय.

राहिली वेळूची दोन तोंडं आणि मधले सांधे. तिथं मी बिबा लावला. धोबी कपड्यावर खूण करतो त्या बिब्याचा रस, काळाकुट्ट, अंगाला लागला तर फोड उठवणारा. मी हाताला खोबरेल चोपडून काडीनंच लावला, पोरीला लांब ठेवलं, तरी डाव्या मनगटावर थेंब पडला आणि दुसऱ्या दिवशी बिबा उतला. मनगट पुरीसारखं फुगलं. मी पदराखाली झाकलं, पण आत्याबाईंच्या नजरेतून काय सुटतंय. त्यांनी मला चुलीपुढून उठवलं, खोबरं वाटून मनगटाला लावलं, आणि लावता लावता म्हणाल्या, "एका शेळीपायी हात जाळून घेतलास, कानडे." मी म्हणाले, "तारेपायी, आत्याबाई." त्या म्हणाल्या, "व्हय, व्हय. शेळीला माझ्यावर बोलायला न्हाय शिकवलंस तेवढं बरं." आणि हसल्या. माझ्याकडं बघून त्या पहिल्यांदा हसल्या असाव्यात, पोर जन्मली तो दिवस सोडला तर.

खार आली की. दुसऱ्याच दिवशी आली. वेळूवरून वरपासून खालपर्यंत पळाली, सांध्याशी थांबली, हुंगलं, आणि मागं सरकली. दोन्ही पायांनी तोंड पुसायला लागली. मी माळवदावरून बघत होते. मला इतका आनंद झाला की मी तिच्यापुढं मूठभर शेंगदाणे टाकले. तिचंही घर चाललं पाहिजे.

आठवडा गेला. बाजार आला आणि गेला. शेळीचं नाव कुणी काढलं नाही. तिची जागाही कुणी बदलली नाही, ती त्याच भिंतीशी, त्याच वेळूला पाठ घासत उभी राहायची. तार तुटली नाही. पुढच्या पावसाळ्यातही नाही. लढाई संपल्याची बातमी मामंजींनी त्याच तारेवर ऐकून अंगणाला सांगितली, आणि माझ्या शेळीला तोवर नवी करडं होऊन पुन्हा दूध सुरू झालं होतं.

पुढं एकदा धाराशिवच्या एका वकिलाकडं आमचे हे कामाला गेले. त्यांच्या घरी नवा रेडिओ, आणि त्यांचीही तार उंदरानं खाल्लेली. वकीलसाहेब स्वतः आमच्या गावाकडं आले होते दुसऱ्या कामानं, तेव्हा ओसरीवर बसून वेळू बघत म्हणाले, "हे कोणत्या मिस्त्रीकडनं करून घेतलं, शेटजी?" मी आत चहा गाळत होते. मामंजी म्हणाले, "सोलापूरच्या मिस्त्रीला हे जमत न्हाय. आमच्या सूनबाईचं काम हाय हे. तिच्याकडनं समजून घ्या." असं म्हणून त्यांनी शिकल्यासवरल्या माणसाला चौकटीकडं तोंड करून बसवलं, आणि मी आतून सगळं सांगितलं. वेळू कसा चिरायचा, पट्ट्या कशा आवळायच्या, बिब्याला हात कसा राखायचा. वकीलसाहेब कागदावर लिहून घेत होते. तेल लावू नका, हे सांगायची वेळ आली तेव्हा मी जरा थांबले.

मामंजीच म्हणाले, "आणि तेल लावू नका. तेल म्या लावून बघितलंय."

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी अंगण सारवत होते. मामंजी वाटीत करडईचं तेल आणि चिंधी घेऊन मोटेच्या नव्या नाड्यापाशी बसले होते. आत्याबाई देवळात गेलेल्या, हे दुकानात. घरात तिसरं माणूस नव्हतं. मामंजींनी चिंधी बुडवली, हात उचलला, आणि तसाच धरून ठेवला.

"सूनबाई," ते म्हणाले, "ह्याला लावू का?"

लग्न होऊन मला कितीतरी वर्षं झाली होती, आणि मधे कुणी न ठेवता त्यांनी मला विचारलेली ही पहिली गोष्ट. मी शेणाचा हात तसाच ठेवून इकडं तिकडं बघितलं. शेळी लिंबाखाली होती, लांब.

"लावा, मामंजी," मी म्हणाले. "नाड्याला लावा."